मृत्युपत्र लिहिणारा साक्षीला येत नाही

वाचकांचे प्रश्न : घर, जमीन आणि कायदा

सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीबद्दल या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं मृत्युपत्राबद्दलची आहेत. साताऱ्याच्या कोर्टात मी दिवाणी दावे चालवते, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मला रोज दिसते. खरेदीखतातल्या एखाद्या ओळीवर वाद झाला, तर लिहून देणाऱ्याला साक्षीला बोलावता येतं. मृत्युपत्र उघडायची वेळ येते तेव्हा लिहिणारा गेलेला असतो. त्याला काय म्हणायचं होतं हे त्या कागदानेच सांगायचं असतं, आणि तेही भांडायला बसलेल्या माणसांसमोर. खालची सगळी उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई, माझे पती दीड वर्षापूर्वी अचानक गेले. डोंबिवलीचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. सोसायटीने मला सभासद करून घेतलं, मेंटेनन्सची बिलंही माझ्याच नावाने येतात. आता फ्लॅट विकून मुलाजवळ पुण्याला जायचं आहे, तर गिऱ्हाइकाचा वकील माझ्या दोन्ही मुलांसोबत सासूबाईंचीही सही मागतो. त्या ८४ वर्षांच्या आहेत, दिरांकडे असतात. नॉमिनी मी असताना त्यांची सही कशाला? — एक वाचक, डोंबिवली

वकिलाचं बरोबर आहे. हे ऐकायला तुम्हाला जड जाईल, पण आत्ता कळलेलं बरं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीला बिल कोणाच्या नावाने पाठवायचं, नोटीस कोणाला द्यायची, एवढ्यापुरता तो माणूस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेलं कलम १५४ब-१३ नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणतं, तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंतच. शेअर्सच्या बाबतीत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो दावा आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर असणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीचा. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही, नॉमिनीने ती मिळकत वारसांसाठी सांभाळायची असते.

मग मालक कोण? तुमच्या पतींनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. पुरुष गेला की पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळे सारख्या वाट्याने. वडील त्यात नाहीत, आई आहे. म्हणजे फ्लॅटमध्ये तुमचा चौथा हिस्सा, मुलाचा चौथा, मुलीचा चौथा आणि सासूबाईंचा चौथा.

आता करायचं काय? सासूबाईंनी राजीखुशीने तुमच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी झाली, की मार्ग मोकळा होतो. साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरी केलेली सही इथे चालणार नाही. हे काम लांबवू नका, त्याचं कारण स्पष्टच लिहिते. हक्क न सोडता सासूबाई गेल्या, तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल : दीर, नणंदा, आणि वारलेल्या मुलाची मुलं म्हणून तुमची मुलं. तुम्ही स्वतः त्यात नाही, कारण मुलं-नातवंडं असताना सून सासूची वारस होत नाही. आज एक सही लागते, उद्या घरभर फिरावं लागेल.

आणि एक विनंती. त्यांच्याकडे जाताना ‘फक्त एक सही हवी’ म्हणून जाऊ नका. मुलाच्या घरात कायद्याने त्यांचा हिस्सा आहे, हे त्यांना नीट समजावून सांगा. त्यांना त्याबदल्यात रक्कम हवी असेल, तर ती मागण्याचा त्यांना अधिकार आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मुलगा गमावलेल्या बाईकडून न सांगता अंगठा घेतलेले कागद मी कोर्टात पाहिले आहेत. ते टिकत नाहीत, आणि टिकू नयेतच.

तुमच्या पतींनी दोन पानी मृत्युपत्र करून फ्लॅट तुम्हाला दिला असता, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. नॉमिनेशन आहे म्हणून कागद पुरे झाले, या समजुतीवर ज्यांची घरं उभी आहेत त्यांनी हे पुन्हा वाचावं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात. सोय चांगली आहे, जरूर करा, पण पैसे बँकेतून लवकर हातात येण्यासाठीची ती सोय आहे. ते पैसे कोणाचे, हा प्रश्न त्यानंतर उरतोच.

नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८. स्वतःचं मृत्युपत्र स्वतःच लिहून, शंभराच्या स्टँपवर उतरवून नोटरी करून घेतलं आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे. वकिलाची गरज वाटली नाही, कारण भाषा हा माझा विषय होता. एकदा नजरेखालून घालावं. — गुरुजी, वाई तालुका

गुरुजी, अक्षर मोत्यासारखं आहे आणि शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण हा कागद आज मृत्युपत्र म्हणून उभा राहणार नाही. का ते ओळीओळीने सांगते, कारण असे कागद पुष्कळ घरांत कपाटात पडून आहेत.

आधी शेवटचं पान. तुमची सही, नोटरीचा शिक्का आणि साक्षीदार म्हणून एकच सही, तीही धाकट्या चिरंजीवांच्या सासऱ्यांची. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना दोघांनीही पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझी असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि दोघांनीही तुमच्या समोर सही करावी. मृत्युपत्रात काय लिहिलं आहे हे त्यांना माहीत असायची गरज नाही. नोटरीच्या शिक्क्याने दुसऱ्या साक्षीदाराची जागा भरून निघत नाही. स्टँपपेपरचा खर्चही वाया गेला. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, कोऱ्या कागदावरही ते होतं.

व्याही साक्षीदार असणं बेकायदा नाही. पण ज्याच्या मुलीच्या घरात मिळकत जाते त्याची सही पाहून समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल, ते तुम्हीच सांगा. साक्षीदार घ्यावा तो मृत्युपत्रातून काही न मिळणारा, तुमच्यापेक्षा वयाने बराच लहान आणि पत्ता सापडणारा. मृत्युपत्र कोर्टात शाबित करायचं तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. तुमचे सत्तरी-ऐंशीचे मित्र मनाने कितीही चांगले असले तरी या कामाला नकोत. मी फॅमिली डॉक्टर सुचवते. ‘मी यांना तपासलं, यांना सगळं समजतं आहे’ असा दाखला त्याच दिवशीच्या तारखेने त्यांनी दिला आणि साक्षीदार म्हणूनही सही केली, तर तुमच्या वयामुळे निघणारी शंका तिथेच संपते.

आता मजकूर. तुम्ही लिहिता, ‘माझी सर्व मिळकत दोन्ही मुलांनी समजुतीने वाटून घ्यावी.’ समजूत असती तर मृत्युपत्राची गरजच काय होती? कोणता गट, किती क्षेत्र, कोणता हिस्सा, कोणाला, हे त्या त्या मिळकतीसमोर यायला हवं. पुढे आहे, ‘घर धाकट्याकडे राहील, थोरल्याने हक्क सांगू नये, मात्र गणपती दोघांनी मिळून करावा.’ हे वाक्य वाचून मला तुमचं घर दिसलं. तुमच्या मनात काय आहे तेही कळलं. पण ‘धाकट्याकडे राहील’ म्हणजे तो मालक, की त्याने नुसतं राहायचं? त्याने ते विकलं तर चालेल? थोरला गणपतीला येतो तेव्हा पाहुणा म्हणून येतो, की हक्काने? तुम्हाला विचारता आलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. तुम्ही नसताना हाच प्रश्न कोर्टात कित्येक वर्षं चालू शकतो. मालकी द्यायची असेल तर ‘पूर्ण मालकी हक्काने देत आहे’ असं लिहा. नुसता राहण्याचा हक्क द्यायचा असेल तर कोणाला, किती काळ आणि त्यानंतर मालकी कोणाची, तेही लिहा. गणपतीचं वाक्य राहू द्या, फक्त ते मालकीच्या कलमात नको, शेवटी इच्छा म्हणून वेगळं लिहा.

मग ती ओळ, जिच्यासाठी हे उत्तर लांबवलं : ‘लेकीस तिच्या लग्नात दिलेले आहे, सबब तिचा हक्क नाही.’ इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. जे तुमच्या स्वतःच्या मालकीचं आहे, ते कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हा सर्वस्वी तुमचा अधिकार. मुलीला वगळायचं ठरवलं तर कारण लिहिलेलं बरं, कारण जवळच्या वारसाला न बोलता वगळलं की कोर्ट त्या कागदाकडे संशयाने पाहतं. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मापासूनच हिस्सेदार आहे. २००५ च्या दुरुस्तीने हे आलं आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्याच्या निकालाने शंका उरली नाही. तो हिस्सा तिचाच आहे, तुमच्या मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. लग्नात दागिने दिले म्हणून तो संपतही नाही.

तुमची जमीन वडिलोपार्जित आहे का? तुम्ही तसं लिहिलं आहे, पण वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित ठरत नाही. वडील १९५६ नंतर वारले असतील, ती जमीन त्यांची स्वतंत्र असेल आणि तुम्हाला वारस म्हणून मिळाली असेल, तर ती तुमची स्वतःचीही ठरू शकते. मग सगळं गणितच बदलतं. त्यासाठी जुने सातबारे, फेरफार आणि वाटणीचा दस्त असल्यास तो, एवढं समोर घेऊन बसावं लागेल. वकिलाची फी द्यायची ती या कामासाठी. भाषा तुमची माझ्याहून चांगली आहे, त्यासाठी वकील नकोच.

राहिलेलं भरभर सांगते. बँक, पोस्ट आणि पतसंस्थेच्या ठेवींचा तुमच्या कागदात उल्लेखच नाही. त्या लिहा, आणि शेवटी ‘यात नमूद न झालेली व पुढे मिळणारी माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमक्याला’ असं एक कलम घाला, नाहीतर सुटलेल्या वस्तूंपुरती पुन्हा वारसांची रांग लागते. एखादा मुलगा तुमच्या आधी गेला तर त्याचा वाटा कोणाला, तेही लिहा. तुमच्या मागे हे सगळं अमलात आणायला एक व्यवस्थापक नेमा. प्रत्येक पानावर सही करा. मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करून घ्या. ती सक्तीची नाही, नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप खरंही ठरत नाही. पण तुम्ही स्वतः तिथे हजर होता आणि फोटो-अंगठे दिले, याची सरकारी नोंद राहते. नंतर मन बदललं तर नवीन करता येतं, किंवा पुरवणी जोडता येते.

आणि गुरुजी, लेकीशी एकदा बोला. माझा हा सल्ला कायद्यात नाही, पण मनापासून देते आहे.

मी नाशिकला सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. पती लग्नानंतर चार वर्षांनी वारले, मूल नाही. सासरच्यांनी तेव्हापासून विचारलं नाही. पगारातून फ्लॅट घेतला, ठेवी आहेत. माझं सगळं धाकट्या बहिणीच्या मुलीने केलं आहे, आपसूक तिलाच मिळेल ना? — एक वाचक, नाशिक

नाही मिळणार. हे उत्तर वाचून झालं की या आठवड्यातच वकिलाकडे जा.

हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ बाईसाठी वेगळा क्रम लावतं. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर, आणि बहिणीची मुलगी तर आणखी मागे. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. स्वतः कमावलेलं घर सासरकडे जातं.

नारायणीदेवी नावाच्या बाईंच्या बाबतीत असंच झालं. १९५५ मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ मध्ये त्या मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांची आई कोर्टात आली आणि नवऱ्याच्या बहिणीचे मुलगेही आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो भाच्यांच्या बाजूने, कारण सहानुभूती आईकडे असली तरी कलम १५ चे शब्द स्पष्ट होते. हे कलम बदलावं, असं विधी आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं. ते बदललेलं नाही. २०२५ मध्ये याच कलमाविरुद्धची याचिका समोर असताना सर्वोच्च न्यायालयानेच महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं.

मृत्युपत्र केलंत तर मात्र सगळं तुमच्या हातात आहे. स्वकष्टाची मिळकत पूर्ण तुमची, ती भाचीला द्या, संस्थेला द्या, कोणाची परवानगी नको. फ्लॅट पगारातून घेतल्याचे पुरावे, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि बँकेची पुस्तकं, जपून ठेवा. भाचीने सेवा केली म्हणून तिला देते आहे, हे तुमच्या शब्दांत सविस्तर लिहा. भाचीला किंवा तिच्या नवऱ्याला साक्षीदार करू नका.

नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या बायकांची पत्रं मला सतत येतात आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपलं आपल्या माणसांनाच मिळेल. मैत्रिणींना सांगा. भिशीत सांगा.

आमचा मुलगा २७ वर्षांचा आहे, मतिमंद आहे. स्वतःचं जेवण-आंघोळ करतो, पैशांचं कळत नाही. मुलगी बंगळूरला असते, भावावर जीव आहे. सगळं तिच्या नावावर करावं आणि तिने त्याला सांभाळावं, असं आम्ही ठरवलं आहे. हे राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. — आई, कोल्हापूर

मुलीवर शंका घेऊ नका, मीही घेत नाही. पण मिळकत तिच्या नावावर झाली की ती कायद्याने तिची. तिच्या नवऱ्याचा धंदा बुडाला आणि तिने जामीन दिलेला असला, तर बँक तुमच्या घराकडे वळेल. तीच भावाआधी गेली, तर घर तिच्या नवऱ्याकडे आणि मुलांकडे जाईल, तुमच्या मुलाकडे नाही. उलट सगळं त्याच्या नावे केलं, तर बँकेत सही कोण करणार?

यासाठी खाजगी विश्वस्त निधी, म्हणजे ट्रस्ट, करावा. मालकी ट्रस्टकडे, लाभ मुलाचा. विश्वस्त तीन असावेत : मुलगी, नात्यातला एक विश्वासू तरुण आणि नात्याबाहेरचा एक, शक्यतो हिशेब जाणणारा. त्याच्या औषधपाण्याला, राहण्याला आणि सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला खर्च कसा करायचा, हिशेब कोणाला दाखवायचा, विश्वस्त गेला तर नवा कोण नेमणार, आणि त्याच्या पश्चात उरलेलं कोणाला, हे सगळं लिहावं लागतं. ट्रस्ट आत्ता थोड्या रकमेने सुरू करून बाकीचं मृत्युपत्राने त्यात घालता येतं. हे काम छापील नमुन्यावर करू नका. या अंकातल्या सगळ्या प्रश्नांत जाणकार वकिलाची सर्वाधिक गरज तुम्हाला आहे.

पालकत्व हा वेगळा विषय. तो सज्ञान आहे, त्यामुळे तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही, आणि नुसत्या मृत्युपत्रातून त्याचा पुढचा पालकही नेमला जात नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आधी तुम्ही दोघांनी नेमून घ्या, आणि आपल्या मागे मुलीने पालक व्हावं ही इच्छा मृत्युपत्रात नोंदवा. यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर मुलाचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला आत्ताच लावून घ्या. अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, पण आई-वडील गेल्यावर ते सिद्ध करत बसणं फार कठीण जातं.

आणखी एक कागद तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा, त्याला वकील नको. सकाळी उठल्यावर त्याला काय लागतं, कोणती गोळी कशात मिसळून दिली की घेतो, कोणत्या आवाजाने घाबरतो, रडायला लागला की कोणतं गाणं लावायचं, दाढी कोणाकडून करून घेतो. सत्तावीस वर्षं हे फक्त तुम्हाला माहीत आहे. बंगळूरहून आलेल्या बहिणीला किंवा वसतिगृहातल्या मावशींना पहिल्याच दिवशी हा कागद लागेल. मृत्युपत्राच्या पाकिटातच ठेवा आणि दरवर्षी नव्याने लिहा.

पुण्याच्या मित्राने केलेल्या मृत्युपत्राचा नमुना मिळाला. तोच वापरला तर चालेल का? — वाचक, फोंडा

गोव्यात नाही चालणार. तुमच्याकडे २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र वारसा कायदा आहे. मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे करावं लागतं. मुलांसारखे सक्तीचे वारस असतील तर स्वतःच्या वाट्यातल्या निम्म्याच मिळकतीबद्दल तुम्हाला ठरवता येतं, उरलेली निम्मी त्यांची. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर एकूण मिळकतीतला अर्धा भाग मुळातच पत्नीचा असतो. मूळ गोवेकराचा महाराष्ट्रात फ्लॅट असेल तर त्यालाही गोव्याचाच वारसा कायदा लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. नमुना परत करा आणि फोंड्यातलाच वकील गाठा.

मुलगा म्हणतो, बाबा, मृत्युपत्राची कटकट नको, बक्षीसपत्रच करा, दोनशे रुपयांत होतं. पत्नी नाही, घर हेच एक आहे. — वय ७४, अहिल्यानगर

राहत्या घरावर मुलाला दिलेल्या बक्षीसपत्राचा मूळ मुद्रांक दोनशे रुपयेच आहे, हे खरं. पण दोन्ही कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मृत्युपत्र तुमच्या मागे लागू होतं आणि तुम्ही ते केव्हाही बदलू शकता. बक्षीसपत्र नोंदवलं त्या दिवशी घर मुलाचं झालं, आणि उद्यापासून तुम्ही त्यात त्याच्या मर्जीने राहणार. घर एकच असताना तुम्ही ते करू नका, असं मी स्पष्ट सांगते. मुलगा भला असेल तर मृत्युपत्राने त्याचं काहीच बिघडत नाही.

ज्यांनी आधीच करून दिलं आहे आणि आता हाल होत आहेत, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाला रद्द करता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र असंच रद्द ठरवलं. पण तिलाही दिल्लीपर्यंत जावं लागलं. सांभाळाची अट कागदावर असेल तर काम सोपं होतं, म्हणून कोणी ऐकतच नसेल तर निदान ती अट दस्तातच घालून घ्या.

मृत्युपत्र झालं, नोंदणीही झाली. आता ठेवू कुठे? मुलांना आत्ता कळायला नको आहे. — एक वाचक, सांगली

बँकेच्या लॉकरमध्ये एकमेव प्रत ठेवू नका. तुमच्या मागे लॉकर उघडायलाच वारसांचे कागद लागतील, आणि ते कागद लॉकरमध्ये असतील. नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुम्ही किंवा तुमचा मुखत्यार सोडून कोणालाही मिळत नाही, त्यामुळे तिथून बातमी फुटायची भीती नाही. ज्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांना बंद पाकीट जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं. नोंदणी कायदा १९०८ मध्येच ही सोय आहे. तुमच्या मागे कोणीही अर्ज केला, की ते त्याच्यासमोर उघडून नोंदवहीत उतरवून घेतलं जातं.

मजकूर सांगू नका, पण मृत्युपत्र आहे आणि ते कुठे आहे, एवढं निदान दोघांना सांगा : व्यवस्थापकाला आणि एखाद्या जवळच्या माणसाला. सोबत खाती, ठेवी, विमा आणि पोस्टाच्या कागदांची यादी ठेवा. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर बँकेतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मिळते, आणि शोधायला ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळही आहे, पण कोणत्या बँकेत शोधायचं हे कोणाला तरी माहीत असायला हवं. नोंदणीची पावती आणि ही यादी एकाच पाकिटात घालून आज संध्याकाळीच व्यवस्थापकाच्या हाती द्या.